शेवटच्या कडव्यातलं नाव

हे पुस्तक एका वहीतून निघालं. वही शंभर पानी, पुठ्ठ्याची, मोसम नदीकाठच्या आमच्या नामपुरातली. पुढून उघडली तर उन्हाळ कांद्याचा हिशेब: चाळीतून किती निघाला, किती सडला, मार्केटात काय भाव मिळाला. उलटी करून मागून उघडली तर गाणी. अक्षर तेच, शाईही बहुधा तीच. गाण्यांच्या डोक्यावर कवीचं नाव नाही. आहे ती फक्त चालीची खूण, कुठल्यातरी सिनेमातल्या गाण्याचे दोन-तीन शब्द, म्हणणाऱ्याला चाल लागावी म्हणून. पण जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एक नाव सापडतं: वामन.

मग अशा वह्या शोधायचा नादच लागला. कुणी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा, त्याची वही. कुणी लग्नात पुढे बसून गाणी सांगायची, तिची. एक तर रेशन दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेली. वह्यांचे मालक वेगळे, गावं वेगळी, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही ज्याच्या त्याच्या. शेवटच्या कडव्यातलं नाव मात्र एकच.

ते नाव वामन तबाजी कर्डक यांचं. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, 15 मे 2004 रोजी नाशकात वारले. महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणतो. नामपूर नाशिक जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, देशवंडी दक्षिण अंगाला. आमच्याकडे अहिराणी बोलतात, दादांकडे नाही. आमच्याकडे मोसमचं पाणी, पाट आणि डाळिंबाच्या बागा; त्यांच्याकडे पावसाची वाट बघणारी माळरानं. तरी त्यांचं गाणं इथवर आलं, आणि आलं ते माणसांच्या तोंडून आणि वह्यांमधून. ज्याला तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती, त्याची गाणी उतरवून घेण्यासाठी एका समाजाने हजारो वह्या भरल्या, हे घडलं कसं, एवढंच या पुस्तकाला विचारायचं आहे.

या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्याची आधी शब्दांपाशीच अडचण होते. शहरात कवी लिहितो, संगीतकार चाल लावतो, गायक गातो, आणि तिघांची नावं तीन ओळींत छापून येतात. खेड्यात ही वाटणी नाही. रचणारा, म्हणणारा आणि पार्टी घेऊन हिंडणारा बहुतेक वेळा एकच. त्याला कुणी शाहीर म्हणतं, कुणी शायर, कुणी नुसतं ‘गाणारा’. अमेरिकेत ज्याला कंट्री म्हणतात त्या गाण्याचीही मूळची घडण अशीच: शेतावरची, खाणीतली, रेल्वेतली माणसं आपलंच जगणं आपणच रचून म्हणायची. 1927 च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाच्या माणसाने ब्रिस्टल गावात यंत्र मांडून अशा गाणाऱ्यांना बोलावलं. त्यांत कार्टर कुटुंब होतं, रेल्वेत नोकरी केलेला जिमी रॉजर्स होता, आणि त्यानंतर तिकडे गाण्याचा धंदा झाला. ए. पी. कार्टर पुढे डोंगराळ मुलखात हिंडून गाणी गोळा करायचा. सोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. चाली ध्यानात ठेवण्याचं काम रिडलचं, रेकॉर्डवर नाव कार्टरचं. गाणं कुणाचं, हा प्रश्न सगळीकडे असा नावापाशी येऊन थांबतो. आपल्याकडच्या रचणाऱ्याने त्यावर संतांपासून चालत आलेला तोडगा वापरला: नाव गाण्यातच गुंफून टाकायचं. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. लावणीकारांनी तेच केलं आणि जलशावाल्यांनीही. कागद हरवला तरी नाव गाण्याबरोबर चालत राहतं.

आता थोडं मागे जाऊ. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या विचाराच्या मंडळींनी तमाशाचाच साचा उचलून जलसे उभे केले. गण, गौळण, बतावणी, वग हे सगळं लोकांच्या ओळखीचं. आतला मजकूर मात्र भटशाही आणि सावकारीवर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत याच साच्यातून आंबेडकरी जलसा निघाला, आणि इथे नाशिक जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला नाशकात सुरू झाला. धर्मांतराची घोषणा बाबासाहेब आंबेडकरांनी 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात केली. नाशिककर भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव जाऊन या घटनांचा अर्थ लोकांना गाण्यातून आणि संवादातून सांगितला. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या बरोबरीला एक जलसा धरला होता, असं जुनी मंडळी आजही सांगतात. भीमरावांनी पुढे या जलशांवर पुस्तकही लिहिलं. ते नसतं तर त्या पिढीचा बराचसा इतिहास नुसता ऐकीव राहिला असता.

दुसरी वाट मुंबईच्या गिरणगावातून गेली. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संपाचं, उपासमारीचं, नंतर संयुक्त महाराष्ट्राचं गाणं तिथून आलं. तिसरी वाट कृष्णराव साबळ्यांसारख्या शाहिरांची, रेडिओ आणि रंगमंचाकडे जाणारी. चौथी उत्तरेतल्या कव्वालीने दाखवली: दोन पार्ट्या, समोरासमोर दोन मंच, रात्रभर सवाल-जवाब. आंबेडकरी गायकांनी हा मुकाबला असा काही आपलासा केला की साठ-सत्तरच्या दशकांत जयंतीला मुकाबला नसेल तर लोक नाराज व्हायचे. मग कॅसेटी आल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एकाच दुकानात विठ्ठलाच्या कप्प्यातही होता आणि भीमगीतांच्या कप्प्यातही. विठ्ठल उमप लोककलेचे सगळे बाज एका गळ्यात घेऊन उभे राहिले.

या वाटा पुस्तकात दिसतात तितक्या वेगवेगळ्या नव्हत्या. एकच ढोलकीवाला सोमवारी तमाशात, गुरुवारी मुकाबल्यात. अभ्यासक ‘आंबेडकरी’, ‘डावी’, ‘लोकरंजनाची’ असे कप्पे पाडतात ते सोयीसाठी ठीक आहे, पण वही चाळणाऱ्याला ते कप्पे सापडत नाहीत. आमच्या त्या कांद्याच्या वहीत एका पानावर भीमगीत आणि समोरच्या पानावर कानबाईचं गाणं आहे. आमच्या बागलाण तालुक्यात आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी, डोंगऱ्या देवाच्या रात्री पावरीवर धरलेले सूर, वहीगायन, हे सगळं आधीपासून होतं. बाहेरून आलेलं गाणं या ओल्या जमिनीत रुजलं.

आणि एक खूण वाटेवर ठेवायलाच हवी. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. ती प्रस्तावना एवढी गाजली की तेव्हापासून मराठीत प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपण कुणाला तरी ‘शोधून काढलं’ असं वाटायला लागलं. मी कुणालाही शोधून काढलेलं नाही. वामनदादा कधी हरवलेच नव्हते. मराठी साहित्याच्या इतिहासाची पुस्तकं त्यांच्या गल्लीत फारशी फिरकली नाहीत, एवढंच.

आता देशवंडी. सिन्नरचा पट्टा पर्जन्यछायेतला. घरी जमीन होती, पण तिच्यावर पोट भरेल असं काही पिकायचं नाही. तेव्हा मोळ्या आणायच्या, विकायच्या. पोराने गुरं राखायची, कुस्ती खेळायची, जत्रेत तमाशा बघायचा. शाळा वाट्याला आली नाही. काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता, येवल्याच्या घोषणेच्या वेळी तेरा वर्षांचा. दोन्ही घटना त्याच्याच जिल्ह्यात घडल्या. पण त्याचं पहिलं गाणं यांपैकी कशावरही नाही, आणि चरित्रं लिहिणाऱ्यांना हे जरा गैरसोयीचं वाटतं. चळवळीत जन्मला आणि चळवळीचं गाणं म्हणत मोठा झाला, असं सरळ लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही.

पोट त्याला मुंबईला घेऊन गेलं. कोळशाची वखार, खडी फोडणं, मातीच्या पाट्या, चिक्की विकणं, आईसफ्रूट विकणं, मग टाटा ऑइलमधली नोकरी. राहायला शिवडीची बी.डी.डी. चाळ. या यादीवरून लोक घाईने पुढे जातात. माझ्या मते तिथे थांबायला हवं, कारण पुढे त्यांच्या गाण्यात घाम, माल, मजुरी आणि वाटणी यांची जी भाषा येते ती भाषणांतून शिकलेली वाटत नाही. चिक्की विकणाऱ्याला गिऱ्हाईक चार पावलांत थांबवावं लागतं. दादांच्या धृपदाला ही सवय आहे: पहिल्याच ओळीत माणूस थांबतो.

चाळीत समता सैनिक दल होतं. वामन तिथे गेला, पोरांना लेझीम शिकवू लागला. अंगापिंडाने मजबूत, हुकूम देणारा, म्हणून कुणाला वाटलं हा शिकलेला असणार. त्या माणसाने हातात पत्र दिलं आणि म्हणाला, वाचून दाखव. वामनला वाचता येत नव्हतं. तो रडला. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्याला मुळाक्षरं गिरवायला लावली, आणि जोडाक्षरं तो रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून शिकला. अण्णा भाऊ साठ्यांचंही असंच सांगतात. तेही मुंबईतल्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत साक्षर झाले. मराठी गाण्याच्या दोन मोठ्या माणसांना अक्षर शिकवलं ते रंगाऱ्यांनी रंगवलेल्या पाट्यांनी, याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात कुणी घेतलेली मी पाहिली नाही.

नट व्हायचं होतं त्याला. स्टुडिओच्या दारात उभं राहून एक्स्ट्राची कामंही केली. डोक्यात सिनेमाची गाणी घोळत होती, आणि 3 मे 1943 रोजी राणीच्या बागेत बसून त्याने एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन रचलं. संध्याकाळी चाळीत म्हणून दाखवलं. लोक हसले. वयाच्या एकविसाव्या वर्षात आलेल्या, नुकतीच बाराखडी जमलेल्या त्या माणसाला कळलं की आपल्याला हे येतं. सुरुवात विनोदापासून झाली, विचारापासून नव्हे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लोकांना हसवता आलं की मग त्यांना थांबवता येतं, थांबलेल्याला काही सांगता येतं. बाबासाहेबांना जवळून पाहिलं, ऐकलं, आणि सांगायचं काय तेही ठरलं. हसवण्याचं कसब मात्र शेवटपर्यंत हाताशी राहिलं.

उधार चालीबद्दल नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना सांगायला हवं की गायन पार्टीजवळ ना वेळ असतो ना वाद्यवृंद. एक पेटी, एक ढोलकी, जमलं तर बँजो, आणि मागे झील धरणारे दोघं. चाल लोकांच्या कानात आधीच असेल तर दुसऱ्या कडव्याला अख्खी वस्ती झील धरते. चाल उधार घ्यायची ती एवढ्यासाठी. आणि दादांनी पुढे स्वतःच्याही चाली बांधल्या, गझलेचं वृत्त हाताळलं, लावणी लिहिली. 1959 च्या ‘सांगते ऐका’ या तुफान चाललेल्या तमाशापटात त्यांचं गाणं आहे, आणि ते गुणगुणणाऱ्यांपैकी कितीजणांना ते वामनदादांचं आहे हे ठाऊक असेल, याबद्दल मी पैज लावणार नाही. सिनेमातल्या गाण्याला शेवटच्या कडव्यात नाव घालायची मुभा नसते.

पण त्यांना मोठं केलं ते सिनेमाने नाही. मोठं केलं 1956 ने. 14 ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि घराघरांतून जुने देव निघाले. देवांबरोबर गाणीही निघाली, हे फारसं कुणी बोलत नाही. हळदीला काय म्हणायचं? बारशाला पाळणा कुठला? मयताच्या रात्री भजन कुणाचं? एका समाजाला जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं गाणं नव्याने लागणार होतं, आणि ते लगेच लागणार होतं, कारण लग्नं काही थांबत नाहीत. दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले आणि शोकाचंही गाणं लागलं. ही गरज छापखान्याच्या आवाक्यातली नव्हती. ती भागवली वामनदादांनी आणि त्यांच्यासारख्या रचणाऱ्यांनी, एकेका मुक्कामाला दोन-दोन गाणी मागे ठेवून.

त्यांची पद्धतच ती होती. गावात यायचं, कुणाच्या तरी घरी राहायचं, संध्याकाळी कार्यक्रम करायचा, रात्री उशिरा गावातल्या होतकरू पोरांना बसवून गाणं सांगायचं. पोरं वहीत उतरवून घ्यायची. सकाळी दादा पुढच्या गावाला. 14 एप्रिल ते बुद्धपौर्णिमा हा हंगाम; रब्बी निघालेली, हाताला थोडा पैसा, रात्री मोकळ्या. पार्टीला सुपारी मिळायची, बिदागी मंचावर येऊन द्यायची आणि देणाऱ्याचं नाव लाउडस्पीकरवर पुकारायचं. दादांची गाणी अशा शेकडो पार्ट्यांनी म्हटली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या काळात जमिनीचं गाणं याच वाटेने खानदेशात हिंडलं. पुस्तकं आली ती फार नंतर: ‘वाटचाल’ 1973 मध्ये, मग ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’. म्हणजे पहिलं गाणं आणि पहिलं पुस्तक यांच्यात तीस वर्षं. तीस वर्षं हा कवी फक्त इतरांच्या वह्यांत छापून येत होता.

त्यांनी दहा हजार गाणी लिहिली असं म्हणतात. आकडा सभांत टाळ्या घेतो. पण खरं सांगायचं तर सगळी गाणी सारखी नाहीत. निवडणुकीसाठी किंवा कुणाच्या सत्कारासाठी घाईने रचलेली काही त्या रात्रीबरोबर संपली. भक्तीने लिहिलेल्या लेखांत हे म्हटलं जात नाही आणि त्यामुळे चांगल्या गाण्यांचंच नुकसान होतं. आम्ही हे पुस्तक करताना एक कसोटी ठेवली: जे गाणं कमीत कमी तीन वेगवेगळ्या गावांतल्या वह्यांत सापडलं त्याच्याबद्दलच बोलायचं. लोकांनी तीनदा उतरवून घेतलं, म्हणजे त्यात काहीतरी आहे.

मग आज याची गरज काय? 2004 मध्ये वामनदादा गेले आणि त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही. कॅसेटींची दुकानं मोबाइल रिचार्जची झाली आणि आता तीही बंद होत आहेत. गाणं मात्र आटलेलं नाही. संभाजी भगत आहेत, एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांना गावोगावची माणसं मोबाइलवर ऐकतात, नव्या पोरांनी भीमगीतं रॅपमध्ये आणली. आमच्या बागलाणात तर अहिराणी गाण्यांशिवाय आता वरात हालत नाही, आणि ती गाणी साक्री-सटाण्याकडची पोरं स्वतः रचून, स्वतः चित्रित करून यूट्यूबवर टाकतात. पुन्हा एकदा रचणारा आणि गाणारा एकच झाला आहे.

बदल एक झाला आहे आणि तो बारीक आहे. रीळ असतं छोटंसं. त्यात धृपद मावतं, फार तर पहिलं कडवं. डीजेवाला तर धृपदही अर्धंच घेतो. शेवटचं कडवं कुणी ऐकतच नाही, आणि नाव तर तिथेच आहे. शतकानुशतकं टिकलेला तोडगा पहिल्यांदाच निकामी होतो आहे. मी दोन-तीन पोरांना विचारलं, हे गाणं कुणाचं? ज्याने ते अपलोड केलं त्याचं नाव त्यांनी सांगितलं. त्यांची काही चूक नाही. पडद्यावर तेच नाव होतं.

म्हणून हे पुस्तक. यातले लेख वामनदादांच्या पहिल्या पस्तीस-चाळीस वर्षांवर थांबतात. कीर्ती आल्यानंतरच्या सभा, सत्कार आणि संमेलनांबद्दल पुष्कळ लिहून झालेलं आहे, आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथनही आहे. इथे आहे ती देशवंडीपासून शिवडीपर्यंतची आणि शिवडीतून परत खेड्यांकडे निघालेली वाट. लिहिणाऱ्यांत शिक्षक आहेत, एक ढोलकीवाला आहे, दोन बाया अशा आहेत ज्यांनी याआधी गाण्यांखेरीज काहीच लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांची मराठी सारखी करायचा मोह आम्ही टाळला. कुठे अहिराणी वळण दिसेल, ते तसंच ठेवलं आहे. गाण्यांच्या पाठांत वहीनुसार फरक सापडले तिथे कुठला पाठ खरा याचा निवाडा केलेला नाही, दोन्ही वह्यांमध्ये काय आहे ते सांगितलं आहे.

एका वहीबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोसमच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या एका गावातली ही वही; मालक आता नाहीत. त्यातल्या एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी ‘वामन’ काढून स्वतःचं नाव घातलं होतं. नाव दोन अक्षरी, मात्रा कमी पडली, म्हणून पुढे ‘भाऊ’ जोडलेलं. आता मात्रा जास्त झाल्या. ते खोडून नुसतं आडनाव घातलेलं. तेही चालीत बसेना. तिन्ही खोडांवर, वेगळ्या शाईने, बहुधा बऱ्याच वर्षांनी, त्याच अक्षरात परत लिहिलेलं आहे: वामन.